दक्षिणेच्या खिडकीला लाइट शेल्फ (उजेड छताकडे परतवणारी आडवी फळी) घातला, तर रेडियन्समध्ये (उजेडाचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उजेड उलट कमी दाखवतो. का?

अर्धाकोरा: फोंड्यातल्या वर्गखोलीचं मॉडेल आहे. खोली ७.२ मीटर खोल, छत ३ मीटर. दक्षिणेची खिडकी ०.९ ते २.७ मीटर. शेल्फ २.१ मीटरवर, ६० सेंमी बाहेर आणि ५० सेंमी आत. सीआयईचं (आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाचं) प्रमाणित ढगाळ आकाश, एबी (किरणाच्या उड्यांची मर्यादा) २. शेल्फ घातल्यावर मागच्या बाकांवरचा डेलाइट फॅक्टर (बाहेरच्या उजेडाचा आत मिळणारा टक्का) घटला. छज्जा मॉडेलमध्ये अजून आखलेला नाही, त्याने फरक पडेल का?

तावदान: घटणारच. ढगाळ आकाशात सूर्य नसतो. शेल्फ आकाशाचा तुकडा झाकतो आणि त्यातला थोडाच उजेड छताकडे परत देतो. डेलाइट फॅक्टरवर शेल्फ जोखूच नका.

शिवाय एबी २ फार कमी. रेडियन्समध्ये किरण टेबलापासून उलटा निघतो. पहिल्या उडीत छत, दुसऱ्या उडीत शेल्फ, आणि हिशेब तिथेच संपतो. आकाशाकडून शेल्फवर काय पडतं ते तिसऱ्या उडीत कळतं, म्हणजे तुमचा शेल्फ आकाशापुरता काळाच आहे. एबी ६ आणि हिशेबाची बारकाई ठरवणारे एडी २०४८, एएस १०२४, एए ०.१ ठेवा. परावर्तन छत ०.८, भिंती ०.५, जमीन ०.२. काचेतून एकूण आरपार जाणारा उजेड ०.८८ असेल, तर तो आकडा सरळ टाकू नका. रेडियन्सला ट्रान्समिसिव्हिटी (पृष्ठभागांवरचं परावर्तन वगळून काचेच्या आतून जाणारा वाटा) लागते, ती ०.९६.

जेनस्कायमध्ये (रेडियन्सची आकाश बनवणारी आज्ञा) पश्चिम रेखांश धन धरतात. गोव्यासाठी अक्षांश १५.५, रेखांश उणे ७३.८, मेरिडियन (प्रमाणवेळेचं रेखांश) उणे ८२.५. खरी मध्यान्ह घड्याळाच्या बारालाही नसते, २१ डिसेंबरला ती साधारण १२:३३ ला येते. तेव्हा सूर्याची उंची ५१ अंश दिसली पाहिजे. नाही दिसली तर कुठेतरी चिन्ह चुकलंय.

पागोळी: छज्जा आधी मॉडेलमध्ये आखा, फरक तिथेच आहे. गोव्यातल्या पावसात छज्जाविना खिडकी कोण ठेवणार?

२.७ मीटरवर ६० सेंमी छज्जा धरा. डिसेंबरच्या मध्यान्ही शेल्फच्या बाहेरच्या भागावर ४८ सेंमी ऊन पडतं. मार्चच्या विषुवदिनी सूर्य ७४.५ अंशांवर असतो, तेव्हा ऊन फक्त कडेच्या १७ सेंमी पट्ट्यावर. जूनच्या मध्यान्ही सूर्य उत्तरेला सरकलेला, म्हणजे शून्य, आणि तोपर्यंत पावसाळी ढगही आलेले. छज्जा न आखता आलेले सुंदर आकडे विसरा.

उपाय म्हणून शेल्फ ९० सेंमी करून पाहा. मार्चमध्ये ऊन ४७ सेंमी पट्ट्यावर येतं. मग पणजीची ईपीडब्ल्यू फाइल (वर्षभराचं तासातासाचं हवामान) घेऊन वर्षभराचा एसडीए (पुरेसा उजेड मिळणारी जागा: ३०० लक्स, ५० टक्के तास) आणि एएसई (फार थेट ऊन पडणारी जागा: १००० लक्स, २५० तास) शेल्फसह आणि शेल्फविना काढा. खिडकीजवळची रखरख किती कमी झाली तेही बघा. शेल्फचा खरा फायदा बहुतेकदा तिथेच असतो.

अर्धाकोरा: शेल्फवर आरशासारखा पत्रा लावून तो १५ अंश तिरका केला तर?

पागोळी: सपाट आरसा मार्चमध्ये वाया जातो. ७४.५ अंशांनी आलेला किरण तितकाच उभा परततो. किरण छज्जाच्या पोटावर आदळतात, किंवा शेल्फ छज्जापेक्षा लांब असेल तर काही बाहेरूनच वर निघून जातात. खोलीत एकही येत नाही. बाहेरची कड १५ अंश उचलली की परतलेला किरण ४४.५ अंशांवर येतो आणि खोलीकडे वळतो, तरी मार्चमध्ये बरेचसे किरण छज्जाच्या पोटावरच अडतात. पण ६० सेंमीच्या शेल्फची कड १६ सेंमी वर जाते आणि वरची मोकळी खिडकी तितकी अडते.

तावदान: मॉडेलमध्ये त्या पत्र्याला रेडियन्सचा मेटल हा पदार्थ-प्रकार नको, मिरर द्या. मेटलमध्ये सूर्याचा परतलेला कवडसा नीट सापडत नाही, छतावर ठिपके दिसतात. पांढरा मॅट पृष्ठभाग असेल तर साधं प्लॅस्टिक पुरे. मात्र परावर्तन ०.८ नको, ०.५ धरा. पावसाळ्यानंतर वर शेवाळ आणि तांबड्या मातीचा थर असतो, आणि शाळेत तो पुसायला शिडी कोण लावणार!

पागोळी: आणि कड वर म्हणजे उतार खिडकीकडे, म्हणजे पाणी थेट चौकटीत. शेल्फ आणि चौकट यांत ५ सेंमी फट ठेवून खाली पन्हळ द्या. ती फट मॉडेलमध्येही दाखवा, नाहीतर आरशाचे ५ सेंमी उगाच मोजले जातील.