'इकोसिस्टिम इंजिनिअर'ला मराठीत काय म्हणावं?

मिरजवाली: सातवीच्या मुलांसाठी वाळवीवर फलक करतेय. क्लाइव्ह जोन्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली रूढ केलेली ही संज्ञा अडली. राहत्या जागेची घडणच बदलून इतर जीवांची सोय-गैरसोय करणारा जीव, असा अर्थ. 'परिसंस्था अभियंता' लिहिलं, तर एका सरांनी ते खोडलं. वर 'वारूळ मुंग्यांचं असतं' हेही सुनावलं.

शब्दवेडा: वारूळ बांधते वाळवीच, माती लाळेत कालवून. मुंग्या नि नाग मागाहून घुसतात.

शिराळकर: तरी आमच्याकडे ते नागोबाचंच! पंचमीला पूजा त्याची. त्या दिवशी नांगर धरत नाहीत, खणत नाहीत. म्हणजे वाळवीलाही सुट्टी मिळते. बोलीत मुंग्यांचंही वारूळ चालतं. शब्दावर मालकी कुणाची, बांधणाऱ्याची की राहणाऱ्याची?

सातारी_कंदी: आत वारा खेळतो म्हणून वारूळ.

शब्दवेडा: सांगली म्हणजे सहा गल्ल्या, त्याच जातीची व्युत्पत्ती. वारा खेळतो हे मात्र खरं. आत बुरशीची शेती असते, पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवते ती तिचीच.

सातारी_कंदी: मग 'गवंडी जीव' म्हणा. अभियंता फक्त सरकारी पाटीवर भेटतो.

मिरजवाली: गांडूळ कुठे काय बांधतं? ते माती खाऊन वर आणून टाकतं. डार्विनने १८८१ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याला गवंडी कसं म्हणू?

शब्दवेडा: 'इंजिनिअर'च ठेवा. पोरांना कळतं.

कृष्णाकाठ: ठेवा, पण त्यात माणूस धरणार का? आमच्या भावकीचं रान बघा. उसाला पाट भरून पाणी पाजलं, निचरा काढला नाही. खालचं पाणी वर आलं, सोबत क्षार. आता उन्हाळ्यात पांढरंफेक दिसतं. वाळवीनं एवढं वाटोळं केलं नसतं. चर काढा म्हटलं की शेजारी म्हणतो, आधी तुझ्या बांधातून काढ.

सातारी_कंदी: म्हणजे चोपण.

कृष्णाकाठ: चोपण नव्हे, क्षारपड. चोपणात सोडियम मातीच्या कणांना चिकटतो. त्या जमिनीला जिप्सम घालतात, धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक गाडतात. क्षारपडीला मुळात निचरा हवा, क्षार धुऊन जायला.

शिराळकर: आमच्यात चोपण म्हणजे ओली चिकट, वाळली की दगड. सोडियम कुणी बघितलाय?

कृष्णाकाठ: अहो, ती दगड होते ते सोडियममुळेच!

शब्दवेडा: 'क्षारपड' तरी कुठला? 'खारपड' म्हणा की सरळ.