मदत हवी आहे: नेटवरचा फोटो घरात लावायला प्रिंट करावा का?

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा पावसाळ्यातला एक फोटो नेटवर सापडलाय. बाबांच्या खोलीत लावायला १२ बाय १८ इंचांची एकच प्रिंट हवी आहे. विकणार नाही, कुठे टाकणारही नाही. कोपऱ्यात फोटोग्राफरच्या नावाचा वॉटरमार्क आहे. लॅबवाला म्हणाला, "काढून देतो की, दोन मिनिटांचं काम." ते मला नकोय, नाव राहू दे.

फोटोग्राफरला तीन आठवड्यांत दोनदा मेल केला, पैसे द्यायची तयारीही कळवली. उत्तर नाही. विकिमीडिया कॉमन्सवरचे मुक्त परवान्याचे फोटो चाळले, पण ढग कड्याच्या काठाशी येऊन थबकलेत असा एकही मिळाला नाही. (स्वतः जाऊन काढा असं सुचवू नका, गुडघे ऐकत नाहीत.)

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वाचलं. खासगी, वैयक्तिक कामासाठी रास्त वापराला त्यात मुभा आहे. पण अख्खा फोटो छापणं त्यात बसतं का? आणि बसत असलं तरी, विचारूनही उत्तर आलेलं नसताना छापावं, की गप्प राहणं म्हणजे नकारच धरायचा?