विंडोज ११ : वायफायचं बटणच गायब

प्रश्न :
काल रात्रीपर्यंत सगळं नीट होतं. आज पीसी चालू केला तर घड्याळाशेजारी वायफायच्या खुणेऐवजी पृथ्वीचा गोल. त्यावर क्लिक केलं की जो चौकोन उघडतो त्यात ब्लूटूथ आहे, विमान आहे, वायफायच नाही! सेटिंग्जमध्येही इथरनेट, व्हीपीएन दिसतं, वायफायची ओळच नाही. तीनदा रीस्टार्ट करून झालं. नेटवर्क रीसेट मारू का? सध्या फोन यूएसबीने जोडून लिहितोय.

उत्तर १ :
रीसेट राहू द्या. ते सगळे अडॅप्टर काढून पुन्हा बसवतं, व्हीपीएन असेल तर तेही परत लावत बसावं लागेल. आधी स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'नेटवर्क अडॅप्टर्स'मध्ये वायरलेस कार्डाचं नाव आहे का? नावावर खाली तोंड केलेला बाण असेल तर ते डिसेबल झालंय. पिवळा त्रिकोण असेल तर बहुतेक ड्रायव्हरची (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) भानगड. नावच नसेल तर पीसी पूर्ण बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा आणि मग चालू करून बघा.

प्रश्नकर्ता :
नाव आहे. बाण नाही, त्रिकोण नाही. प्रॉपर्टीजमध्ये लिहिलंय की डिव्हाइस व्यवस्थित चालतंय. चालतंय म्हणे!

उत्तर २ :
मग कार्ड धडधाकट आहे, सर्व्हिस (विंडोजमध्ये पडद्याआड चालणारा प्रोग्रॅम) झोपलीय. विंडोजची की आणि आर दाबा, 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' टाका (इंग्रजीत, स्पेस न देता) आणि यादीत तळाशी 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' शोधा. आसपासची नेटवर्क शोधून जोडणं हिचं काम, ती बंद असली की बटणही दिसत नाही. 'वायर्ड ऑटोकॉन्फिग' वेगळी, तिला हात लावू नका.

प्रश्नकर्ता :
सापडली. 'डिसेबल्ड'! आणि ती करणारा मीच. काल रात्री पीसी फास्ट करायचा म्हणून एक व्हिडिओ बघत 'बिनकामाच्या' सर्व्हिसेस बंद करत सुटलो होतो. हे पहिल्याच प्रश्नात लिहायला हवं होतं, पण डोक्यातच आलं नाही.

सर्व्हिसच्या चौकोनातलं 'स्टार्ट' बटण आधी फिकट होतं. ऑटोमॅटिक करून अप्लाय केल्यावर ते दाबता आलं आणि वायफाय हजर. रीस्टार्टसुद्धा लागलं नाही.

आता प्रिंटर दिसत नाहीये. त्या व्हिडिओत 'प्रिंट स्पूलर'ही होतं वाटतं. बघतो.