अमेरिकेचं दहशतवादविरोधी युद्ध: कायदा, आकडे आणि कैदी सत्रात कसे मांडावेत?

नौपाडा_मंडळ

नमस्कार मंडळी. ठाण्यात आमच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात दीड तासाचं सत्र आहे. विषय, ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेने चालवलेली लष्करी मोहीम आणि तिच्यावरचे आक्षेप. श्रोत्यांत निम्मी स्पर्धा परीक्षेची मुलं, निम्मी निवृत्त मंडळी. टिपणं काढताना अफगाणिस्तान, इराक, ग्वांतानामो (क्यूबातला अमेरिकी तुरुंग), ड्रोन यांचा नुसता गुंता होतो आहे. या युद्धाला कायद्याचा आधार कोणता? ड्रोन हल्ल्यांत मेलेल्या नागरिकांचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे का? भारताने काय केलं? बुश बरे की ओबामा, हा वाद कृपया नको. कागदावर काय आहे ते हवंय.

पारसिक_टेकडी

आधी अफगाणिस्तान आणि इराक वेगळे करा, निम्मा गुंता तिथेच सुटेल. २००१ चा ठराव आणि २००२ चा इराकवरचा ठराव हे दोन स्वतंत्र कागद आहेत.

पहिला ठराव अमेरिकी काँग्रेसने १४ सप्टेंबर २००१ ला मंजूर केला, बुश यांची सही १८ तारखेला झाली. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ०, प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १. विरोधातलं एकमेव मत बार्बरा ली यांचं. ठरावाचं मुख्य वाक्य जेमतेम ६० शब्दांचं आहे आणि मुलांकडून वाचून घ्यायचं असेल तर तेच वाचून घ्या. ज्यांनी हल्ला आखला, केला, त्याला मदत केली किंवा अशांना आसरा दिला, असं राष्ट्राध्यक्षांना वाटेल त्या राष्ट्र, संघटना वा व्यक्तीविरुद्ध बळ वापरायची मुभा. त्यात अल कायदाचं नाव नाही, तालिबानचं नाही, कुठल्याही देशाचं नाही. मुदतही नाही. 'संलग्न गट' हा प्रकार मूळ मजकुरात नसून नंतरच्या सरकारांनी अर्थ लावून आत आणला. म्हणून २०१४ मध्ये इसिसवर बॉम्ब टाकतानाही याच ठरावाचा आधार दिला गेला, आणि तेव्हा इसिस अल कायदापासून फुटलेली होती. माझ्या मते पुढचे बहुतेक सगळे वाद या एका वाक्याच्या मोकळेपणातून आले आहेत.

आंतरराष्ट्रीय बाजू अशी: सुरक्षा परिषदेच्या १२ सप्टेंबरच्या १३६८ क्रमांकाच्या ठरावाने स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला. ७ ऑक्टोबरला हल्ले सुरू झाले तेव्हा अमेरिकेने संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम ५१ (स्वसंरक्षणाचा हक्क) चा दाखला दिला. अफगाणिस्तानबाबत आक्षेप तुलनेने कमी होते ते यामुळेच.

इराकचं तसं नाही. काँग्रेसची मंजुरी ऑक्टोबर २००२ ची (प्रतिनिधीगृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३). सुरक्षा परिषदेच्या १४४१ क्रमांकाच्या ठरावाने गंभीर परिणामांचा इशारा दिला, पण बळ वापरायला स्पष्ट परवानगी दिली नाही. दुसरा ठराव मिळाला नाही, तेव्हा अमेरिका-ब्रिटनने १९९० च्या ६७८ क्रमांकाच्या ठरावाचा (कुवेतमधून इराकला हटवण्यासाठी बळ वापरायची मुभा) अधिकार पुन्हा जिवंत झाल्याचा युक्तिवाद केला. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी २००४ मध्ये ते युद्ध बेकायदा असल्याचं उघड सांगितलं. अण्वस्त्रं, रासायनिक अस्त्रांचे साठे सापडले नाहीत, हे त्याच वर्षी अमेरिकेच्याच पाहणी गटाने लिहून दिलं.

नेरूळ_सेक्टर

आकड्यांचं बघू. कुठलाही आकडा फळ्यावर लिहिण्याआधी तीन गोष्टी विचारा: कोणता देश, कोणता काळ, आणि 'लढवय्या' कुणाला धरलंय?

ओबामा सरकारने जुलै २०१६ मध्ये आकडे जाहीर केले: २००९ ते २०१५ मध्ये ४७३ हल्ले, ६४ ते ११६ नागरिक मृत. पण त्यात अफगाणिस्तान, इराक, सीरिया धरलेलेच नाहीत. फक्त पाकिस्तान, येमेन, सोमालिया, लिबियासारखे प्रदेश. त्याच काळासाठी लंडनच्या शोधपत्रकारांच्या गटाने कमीत कमी ३८० मोजले. एवढी तफावत का, तर माणसाचं नावगाव माहीत नसताना निव्वळ हालचालींच्या नमुन्यावरून हल्ला केला, की मेलेला कोण होता हे नंतर ठरवावं लागतं. सरकार आपल्या गुप्त माहितीवरून ठरवतं, पत्रकार गावात जाऊन नातेवाइकांकडून.

चूक कशी घडते हे दाखवायला काबूलचा २९ ऑगस्ट २०२१ चा हल्ला घ्या, कारण त्याचा तपास जाहीर झाला. तीन दिवस आधी विमानतळाच्या फाटकावर १३ अमेरिकी सैनिक आणि सुमारे १७० अफगाण मारले गेले होते, पुढचा हल्ला पांढऱ्या टोयोटा कोरोलातून होईल अशी खबर होती. काबूलमध्ये पांढऱ्या कोरोला ढिगाने. ड्रोनने त्यातल्या एकीचा सुमारे आठ तास माग काढला. गाडीत चढवले जाणारे पाण्याचे कॅन स्फोटकं वाटले. गाडी विमानतळापासून साधारण ३ किलोमीटरवर होती, म्हणजे ठाणे स्टेशन ते माजिवडा एवढं अंतर, त्यामुळे घाई. एक हेलफायर क्षेपणास्त्र सोडलं आणि १० जण गेले, त्यातली ७ मुलं. चालक एका अमेरिकी मदतसंस्थेचा कर्मचारी होता. हल्ल्याच्या दोन मिनिटं आधीच्या चित्रणात मूल दिसत होतं, हे चौकशीतच निघालं. पेंटागॉनने (अमेरिकेचं संरक्षण खातं) १७ सप्टेंबरला चूक मान्य केली. चौकशीचा निष्कर्ष: आधीच ठरलेल्या संशयाला पुष्टी देईल तेवढंच पाहिलं गेलं, कायदा मोडला नाही. शिक्षा कुणालाही झाली नाही. ही शेवटची ओळ गाळू नका, जबाबदारीचा सगळा प्रश्न तिच्यात आहे.

कोपरी_वाचक

कैद्यांबद्दल. ग्वांतानामोत पहिले कैदी ११ जानेवारी २००२ ला आले, एकूण सुमारे ७८०. ही जागा क्यूबात असल्याने अमेरिकी न्यायालयांचा हात तिथे पोचणार नाही, असा सरकारचा हिशेब होता. सर्वोच्च न्यायालयाने तो टप्प्याटप्प्याने मोडला, कैद्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन खटल्यांत: २००४ रसूल, २००६ हमदान, २००८ बुमेदीन.

छळाबद्दल सिनेट समितीचा डिसेंबर २०१४ चा सारांश वापरा. सीआयएच्या कैदेत ११९ जण, त्यातले किमान २६ चुकीने धरलेले. ९/११ चा मुख्य सूत्रधार मानला जाणारा खालिद शेख मोहम्मद याला १८३ वेळा पाण्यात गुदमरवलं. नीतीचा मुद्दा आहेच, पण श्रोत्यांना व्यवहारातला तोटाही दाखवा. छळातून आलेला जबाब पुरावा म्हणून टिकत नाही, म्हणून २००८ मध्ये आरोप ठेवूनही २०२४ संपेपर्यंत त्याचा खटला सुनावणीला उभा राहिला नाही. याच्या उलट २६/११ च्या मुंबई हल्ल्यासाठी टेहळणी करणारा डेव्हिड हेडली: ऑक्टोबर २००९ मध्ये अटक, शिकागोच्या साध्या, लष्करी नसलेल्या न्यायालयात जानेवारी २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा. त्याने गुन्हा कबूल करून सौदा केला, त्यामुळे तो भारताला मिळाला नाही, हेही सांगा.

पारसिक_टेकडी

भारताचं थोडक्यात. २००१ मध्ये पाठिंबा. इराक युद्धाविरुद्ध लोकसभेचा ठराव ८ एप्रिल २००३. अमेरिकेने इराकसाठी साधारण एक डिव्हिजन सैन्य मागितलं होतं, वाजपेयी सरकारने १४ जुलै २००३ ला नकार दिला. कारण, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही. परीक्षेच्या मुलांसाठी: सुरक्षा परिषदेचा १३७३ क्रमांकाचा ठराव (सगळ्या देशांनी दहशतवादाविरुद्ध पावलं उचलावीत असा) लक्षात ठेवायला सांगा. ऑक्टोबर २००१ चा पोटो हा दहशतवादविरोधी अध्यादेश त्यानंतर आला, मार्च २००२ मध्ये संसदेच्या संयुक्त बैठकीत त्याचा पोटा कायदा झाला, २००४ मध्ये रद्द झाला. यूएपीए या बेकायदा कारवाया रोखणाऱ्या कायद्याच्या प्रस्तावनेत १३७३ चा उल्लेख आजही आहे.

नौपाडा_मंडळ

फार उपयोगी, आभार. "लादेनला अमेरिकेनेच पोसलं" हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. काय सांगू?

नेरूळ_सेक्टर

१९८० च्या दशकात अमेरिकेचा पैसा आणि शस्त्रं पाकिस्तानच्या आयएसआयमार्फत अफगाण मुजाहिदीन गटांना मिळाली, हे पक्कं. लादेनकडे स्वतःचा आणि आखातातून गोळा केलेला पैसा होता. अमेरिकेच्या ९/११ आयोगाने त्याला अमेरिकेची मदत जवळजवळ नव्हती असं नोंदवलं आहे. ही दोन वाक्यं वेगवेगळी सांगा आणि लगेच पुढच्या प्रश्नाकडे वळा, नाहीतर वीस मिनिटं तिथेच जातील.