मदत हवी आहे: अँटिस्टॅटिक ट्रेचं गणित जमेना

मंडळी, मी वडोदऱ्याचा. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) काकांचं छोटं मोल्डिंग युनिट आहे. इलेक्ट्रॉनिक पार्ट ठेवायचे काळे ट्रे करतोय, पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकमध्ये कार्बन ब्लॅक (काजळीसारखी बारीक कार्बनची पूड) घालून, म्हणजे स्थिर वीज ट्रेवर न साठता वाहून जाईल.

१० टक्क्यांपर्यंत मीटर ढिम्म हलला नाही. १८ ला रोध (विजेला होणारा अडथळा) एकदम लाखपटीने खाली! कणांची साखळी जुळली की विजेला वाट मिळते, हे समजलं. पण १८ ला माल इतका घट्ट झाला की साच्याचे कोपरे भरेनात, आणि ट्रे हातातून निसटला की टचकन तुटतो.

खरी डोकेदुखी वेगळीच. एकाच ट्रेवर गेटजवळ (जिथून प्लास्टिक साच्यात शिरतं) एक रीडिंग, टोकाला दुसरं. काल सहज सँडपेपरने वरचा पापुद्रा घासला, तर तिथला रोध झटकन उतरला. म्हणजे वरच्या थरात कार्बन कमी पडतो ना? इंजेक्शनचा वेग कमी करून, साचा जास्त गरम ठेवून थोडा फरक पडला, पण सायकल टाइम (एका ट्रेला लागणारा वेळ) वाढला.

प्लास्टिकमध्ये कार्बन मिसळून देणारा कंपाउंडवाला म्हणतो, ट्विन स्क्रूमधून (दोन स्क्रूंच्या मिक्सिंग मशीनमधून) दोनदा काढू. मला भीती वाटते, जास्त रगडलं तर कार्बनचे झुपकेच फुटतील आणि साखळी तुटेल. कुणी करून पाहिलंय का?

कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) २-३ टक्क्यांतही चालतात, पण भाव ऐकून काका मटकन खुर्चीतच बसले. हाय-स्ट्रक्चर ग्रेडचं (जास्त फांद्या असलेल्या झुपक्यांचं) कार्बन ब्लॅक वापरून टक्का किती खाली आणता येतो? आणि चिवटपणासाठी थोडं रबर मिसळलं तर रोध बिघडतो का?