खालच्या ओठावरची न भरणारी जखम आणि तुकडा तपासणीची भीती

प्रश्न (शिवारवाट): माझे वडील साठीच्या जवळ आले असून सोलापूर जिल्ह्यात शेती करतात. तरुणपणापासून ते चुन्यासोबत मळलेली तंबाखू खालच्या ओठाच्या आत धरतात. काही महिन्यांपासून त्याच ओठावर एक लहान जखम आहे. खपली धरते, पडते, कधी थोडे रक्त येते आणि पुन्हा खपली धरते. दुखत नसल्यामुळे उन्हाने ओठ फुटला असे समजून ते तिला तूप लावत राहिले. दंतवैद्यांनी तुकडा काढून तपासायला सांगितले आहे, परंतु तेथे सुरी लागली की रोग अंगभर पसरतो, असे थोरल्या काकांचे ठाम म्हणणे असून वडिलांनाही ते पटते. यात तथ्य आहे का? आणि हा कर्करोग असलाच, तर कितपत बरा होतो?

प्रतिसाद (दंतचिकित्सक): तपासणीसाठी तुकडा काढल्याने ओठाचा कर्करोग पसरत नाही, हे वडिलांना निःशंकपणे सांगावे. ही समजूत का टिकली, तेही त्यांना समजावून सांगणे उपयोगी ठरेल: आपल्याकडे पुष्कळ रुग्ण आजार वाढल्यावरच तपासणीला येतात, त्यानंतर त्यांची प्रकृती आजारामुळेच खालावते, आणि घरच्यांच्या लक्षात मात्र तपासणीचा दिवस राहतो. ओठ बधिर करून जखमेच्या कडेचा छोटा तुकडा घेतात. त्यासाठी सहसा दवाखान्यात राहावे लागत नाही. त्याशिवाय निदान पक्के होत नाही आणि उपचारही ठरवता येत नाहीत.

जखम दुखत नाही, यावर विसंबू नये, कारण सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही. तापाने आलेले फोड किंवा दात लागून झालेली जखम साधारणपणे दोन आठवड्यांत भरते. तीन आठवड्यांनंतरही टिकलेली जखम, पांढरा वा लाल चट्टा, किंवा कडा कडक लागणारी जागा तज्ज्ञांना दाखवलीच पाहिजे. ओठांचे बहुतेक कर्करोग खालच्याच ओठावर होतात. बाहेरच्या लाल भागावर ऊन थेट पडते, म्हणून ऑस्ट्रेलियासारख्या देशांतील गोऱ्या वर्णाच्या लोकांत त्याचे मुख्य कारण ऊन हे असते. आपल्याकडे ओठाच्या आतल्या बाजूस वर्षानुवर्षे धरलेली तंबाखू हे मोठे कारण आहे. आपल्या वडिलांच्या बाबतीत ऊन आणि तंबाखू दोन्ही आहेत, म्हणून थांबू नये.

प्रतिसाद (मावळतीचे ऊन): माझ्या आत्या मिश्री लावत असत आणि त्यांच्याही ओठाच्या आत असाच चट्टा आला होता. त्यांनी डॉक्टरांपेक्षा शेजारच्या एका बाईंचे ऐकले, कारण त्या बाईंची तशीच तपासणी झाली होती आणि त्या समोर धडधाकट बसल्या होत्या. काकांशी वाद घालण्याऐवजी अशा एखाद्या व्यक्तीची वडिलांशी भेट घालून द्यावी.

शिवारवाट: दोघांचेही मनापासून आभार. शस्त्रक्रिया झाली तर ओठ जाईल आणि चारचौघांत जेवता येणार नाही, ही वडिलांची दुसरी भीती आहे.

प्रतिसाद (कर्करोग शल्यचिकित्सा विभाग): जखम लहान असेल, तर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा भाग काढून दोन्ही कडा शिवतात. ओठाचा सुमारे एक तृतीयांश भाग गेला तरी बहुधा असे शिवता येते. तोंड किंचित लहान होते, पण खाणे-बोलणे सांभाळले जाते. त्याहून मोठा भाग काढावा लागल्यास शेजारची त्वचा व स्नायू वळवून ओठ पुन्हा घडवतात. काही रुग्णांना शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार देता येतात. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, वरवरचा आणि मानेत न पोहोचलेला आजार बहुतांश रुग्णांत पूर्ण बरा होतो. हनुवटीखाली किंवा जबड्याखाली गाठी आल्या, तर मानेचीही शस्त्रक्रिया करावी लागते आणि बरे होण्याची शक्यता बरीच घटते. म्हणून त्या जागा डॉक्टरांकडून आवर्जून तपासून घ्या.

तंबाखू मात्र आजच सोडायला हवी, कारण उपचारांनंतरही ती चालू राहिली तर तोंडात दुसऱ्या जागी नवा कर्करोग होण्याचा धोका राहतो. तंबाखूच्या पुड्यांवर छापलेल्या १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर ती सोडण्यासाठी मार्गदर्शन मिळते. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत. रुग्णालयात जाताना शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवा व तेथील आरोग्यमित्रांना आधी भेटा.