मदत हवी आहे: मागचा डाना ३५ अ‍ॅक्सल काढून डाना ४४ बसवताना गिअर रेशो आणि लॉकर यांची निवड

माझ्या जीप रँग्लर टीजेला मागे डाना ३५ आणि पुढे डाना ३० हे अ‍ॅक्सल (इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणारे गिअर आणि शाफ्ट असलेला भाग) असून दोन्हींचा गिअर रेशो ३.०७ आहे (हा आकडा जितका मोठा, तितका चाकांना जोर जास्त). ३३ इंची टायर घातल्यापासून गाडी चढावर दमते. शिवाय डाना ३५ चे अ‍ॅक्सल शाफ्ट सी-क्लिपवर (आतल्या टोकाला बसणाऱ्या C आकाराच्या कडीवर) अडकवलेले असल्यामुळे, शाफ्ट तुटल्यास चाकच बाहेर येण्याचा धोका मला जास्त सतावतो. म्हणून ३.७३ रेशोचा जुना डाना ४४ मिळवला आहे. फोर व्हीलमध्ये चालवायचे तर पुढचा-मागचा रेशो सारखाच हवा, त्यामुळे दोन्हीकडे ४.५६ करण्याचा विचार आहे.

डाना ४४ चा ३.७३ पर्यंतचा कॅरिअर (रिंग गिअर ज्यावर बसतो तो भाग) ३.९२ आणि त्यापुढच्या गिअरना चालत नाही, हे ठाऊक आहे. अशा वेळी जाड रिंग गिअर (अ‍ॅक्सलमधला मोठा गोल गिअर) घेऊन जुनाच कॅरिअर ठेवावा, की कॅरिअरच्या जागी थेट योग्य मापाचा लॉकर (दोन्ही चाके एकत्र फिरवणारा भाग) घ्यावा? माझा कल लॉकरकडे आहे, मात्र तो हवेवर चालणारा असावा की आपोआप लागणारा, हे ठरत नाही, कारण गाडी रोज ओल्या डांबरी रस्त्यावरही चालते. जुन्या हाउसिंगमध्ये (अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या कवचात) बॅकलॅश, म्हणजे गिअरच्या दातांमधली मोकळीक, जुळवण्याआधी नेमके काय तपासावे, तसेच मागचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) बदलावाच लागेल का, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.